लाकडावरची अनोळखी बुरशी: आधी मायक्रोस्कोप की आधी डीएनए?

गोव्यातल्या मोले किंवा नेत्रावळीत पडलेल्या माटाच्या (ऐनाच्या झाडाच्या) ओंडक्यावर कुठल्याच किल्लीत, म्हणजे ओळखीच्या तक्त्यात, न बसणारी बुरशी मिळाली (अभयारण्यात वनखात्याचा परवाना आधी घ्या), की प्रश्न येतो: आधी मायक्रोस्कोपसाठी काप घ्यायचा की डीएनए वाचायला थेट सिक्वेन्सिंगला पाठवायचं? शेवटी दोन्ही लागतात. पण नमुना थोडा आणि पैसे त्याहून थोडे, म्हणून क्रम ठरवावा लागतो.

डीएनएची बाजू लंगडी नाही. बीजाणूच नसलेल्या नमुन्यापुढे मायक्रोस्कोप हात टेकतो. लाखेसारख्या चकचकीत गॅनोडर्माचंही तेच. आपल्याकडे अशा कुणालाही वर्षानुवर्षं 'ल्युसिडम' म्हटलं गेलं, ती जात मुळात युरोपातली. इथे आयटीएसशिवाय (बुरशी ओळखायला वाचतात त्या डीएनएच्या तुकड्याशिवाय) बोलूच नये.

मग अडतं कुठे? पावसाळ्यात ओला नमुना पिशवीत राहिला की ट्रायकोडर्मा ही दुसरीच बुरशी त्यावर चढते. पण ती हिरवी दिसते, सिक्वेन्समध्येही लगेच पकडली जाते. तिचं एवढं काही नाही. डोकं फिरतं ते सालीला चिकटलेल्या पापुद्र्यासारख्या बुरशीत. खरवडताना खालच्या लाकडातल्या भलत्याच बुरशीचे तंतू सोबत येतात, प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला वापरतात ते छोटे तुकडे) त्यांनाच उचलतात आणि अगदी स्वच्छ, एकेरी शिखरांचा सिक्वेन्स हाती पडतो. फक्त तो दुसऱ्याच बुरशीचा असतो! रिपोर्टवर चूक कुठेच दिसत नाही. वर जेनबँक या सिक्वेन्सच्या जाहीर साठ्यातलं जुळणारं नावही कुणी नीट तपासून दिलेलं असेलच असं नाही. समोरच्या तंतूंना क्लॅम्प (सांध्यावरचे छोटे फुगवटे) आहेत आणि जुळलेल्या वंशात ते नसतात, हे काप पाहिलेल्यालाच कळतं. माझं माप तिथेच झुकलं.

कापाचं कामही नाजूक आहे, हे मान्य. नव्या ब्लेडने छिद्रांच्या थरातून पातळ काप घ्या, ५ टक्के पोटॅशमध्ये (केओएच) फ्लॉक्सिन हा रंग घालून बघा. पोटॅशमध्ये काही जाड भिंतींचे तंतू फुगतात, म्हणून मापं कॉटन ब्लू या निळ्या रंगात घ्यावीत. मेल्झर या आयोडीनच्या द्रावणासाठी काप वेगळा ठेवा. पोटॅश धुतल्याशिवाय मेल्झर टाकलं तर आयोडीनचा रंग उडतो आणि बीजाणू निळे होत नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ऑइल इमर्शनखाली निदान ३० बीजाणू मोजा, आणि तेही शक्यतो गळून पडलेले. थरातले कच्चे बीजाणू सरासरी खाली ओढतात.

गॅनोडर्मा, फेलिनससारख्या गटांत मी दोन्ही कामं एकदमच सुरू करावीत असं म्हणेन. बाकीच्यांत, घाई नसेल तर, आधी काप. मात्र आणल्याच दिवशी, नमुना वाळवण्याआधी, तांदळाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकून ठेवा. तो काप घ्यायच्या जागेलगतचा आणि शक्यतो आतल्या गराचा असावा. उरलेला नमुना ४० ते ४५ अंशांवर वाळवून हर्बेरियमला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला) द्या. नवी जात निघालीच तर टाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला नमुना, म्हणून नुसता सिक्वेन्स चालत नाही, आणि १ जानेवारी २०१३पासून मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांक छापल्याशिवाय नाव वैध होत नाही.