फ्लो सायटोमेट्रीसाठी श्वसनमार्गाचा नमुना: बीएएल की बेडका?

इंदूरमधल्या प्रयोगशाळेला फ्लो सायटोमेट्रीनं (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून पेशी लेझरखाली मोजणं) श्वसनमार्गातल्या रोगप्रतिकारक पेशी ओळखायच्या असतील, तर अँटिबॉडी मागवण्याआधी नमुना ठरवावा. दम्याच्या रुग्णाचा नमुना पुन्हापुन्हा लागणार असेल तर बेडका बरा. फुप्फुसाच्या इंटरस्टिशियल आजारात (हवेच्या पिशव्यांभोवतीच्या ऊतीचा आजार) लिम्फोसाइट्सचे प्रकार हवे असतील, तर बीएएललाच (ब्रॉन्कोस्कोपीतून फुप्फुस धुऊन परत ओढलेलं सलाइन) पर्याय नाही. सार्कॉइडोसिसमध्ये (अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार) सीडी४ : सीडी८ (टी लिम्फोसाइट्सचे दोन प्रकार) गुणोत्तर ३.५ च्या वर गेलं तर निदानाला बळ मिळतं. ते कमी आलं म्हणून आजार नाही, असं मात्र नाही.

बीएएलला १०० ते ३०० मिली सलाइन टप्प्याटप्प्यानं सोडतात, निदान ३० टक्के परत यावं. मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर ३०० ते ४०० जी, १० मिनिटं. एवढंच.

बेडक्याला खटपट जास्त. आधी श्वासनलिका मोकळ्या करायला साल्ब्युटामॉल, मग ३ ते ४.५ टक्के सलाइनचा नेब्युलायझर, मधूनमधून एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरानं सोडलेली हवा) मोजणं. टीबीचा धोका धरून हे बंद खोलीत करू नये. लाळ सोडून घट्ट गुठळ्या वेचायच्या, वजनाच्या चौपट ०.१ टक्के डीटीटीत (चिकट श्लेष्मा विरघळवणारं रसायन) १५ मिनिटं ठेवायच्या. डीटीटीमुळे काही मार्कर (पेशीवरची ओळखखूण असलेली प्रथिनं) फिके पडतात; प्रत्येक अँटिबॉडी रक्ताच्या पेशींवर डीटीटीसह आणि त्याविना लावून बघावी. लाळेतल्या स्क्वॅमस पेशींचा (तोंडाच्या अस्तराच्या चपट्या पेशी) भरणा असेल तर नमुना सरळ टाकून द्यावा.

दोन्हींत खरा त्रास मॅक्रोफेजचा (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी). त्या मुळातच चमकतात, धूम्रपान करणाऱ्यांत तर फारच. फिटसी आणि पीई या चमकणाऱ्या रंगांच्या चॅनेलमध्ये रंग न लावताही खोटा पॉझिटिव्ह दिसतो. तिथे क्षीण मार्कर ठेवू नका. न रंगवलेली ट्यूब आणि एफएमओ (एक रंग वगळून बाकी सगळे लावलेली ट्यूब) दर वेळी लावा. सीडी४५ (पांढऱ्या पेशींचा मार्कर) आणि मृत पेशींचा डाय तर हवाच. अल्व्हिओलर (हवेच्या पिशव्यांतल्या) मॅक्रोफेजला सीडी२०६ आणि एचएलए-डीआर हे मार्कर.

मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या इंदुरात, विजयनगरहून निघालेला नमुना गर्दीत अडकला तर न्यूट्रोफिल मरू लागतात आणि सीडी१६ हा मार्कर गमावतात. मग ते इओसिनोफिलच्या गेटमध्ये (आलेखावर त्या पेशींसाठी आखलेल्या भागात) शिरतात. सीडी६६बी दोन्हींवर असतं, त्यावर विसंबू नका, इओसिनोफिल ओळखायला सिग्लेक-८ घाला. नमुना बर्फावर न्यावा, बेडका दोन तासांत हाताळावा. गोठवण्याच्या भानगडीत पडू नये, ग्रॅन्युलोसाइट्स (न्यूट्रोफिल, इओसिनोफिल वगैरे) टिकत नाहीत.

आणि फक्त इओसिनोफिलची टक्केवारी हवी असेल, तर सायटोस्पिनची (सेंट्रिफ्यूजनं काचेवर पसरवलेल्या पेशींची) रंगवलेली काच पुरते. खर्चही वाचतो.