मोटिलिटी मीडियम: पोहणारे जंतू दाखवतं, सरपटणारे नाही

श्वसनमार्गाच्या जंतूंचं प्रात्यक्षिक घ्यायचं होतं, म्हणून टीटीसी (जंतूंची वाढ रंगाने दाखवणारं द्रव्य) घातलेली मोटिलिटी मीडियमची, म्हणजे जंतू हलतात का ते दाखवणाऱ्या मऊ वाढमाध्यमाची, तयार पावडर मागवली. पसंत पडली, पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवून घ्या.

पावडर गुठळ्या न होता विरघळते, ऑटोक्लेव्हनंतरही मीडियम स्वच्छ राहतं. अगार (मीडियम जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ) जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे धक्का लागला की थर मोडतो. सरळ निडलने मधोमध टोचायचं आणि आल्या वाटेनेच निडल बाहेर काढायची. क्लेब्सिएला न्यूमोनिईच्या नळीत दुसऱ्या दिवशी पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक लाल रेघ, बाकी सगळं नितळ. सूडोमोनास एरुजिनोसाच्या नळीत मात्र लाली रेघेबाहेर पसरलेली. वाढणारे जंतू रंगहीन टीटीसीचं लाल फॉर्माझान करतात, त्यामुळे ते कुठवर पोचले हे लांबूनही कळतं. फक्त सूडोमोनासला ऑक्सिजन लागतो, तो वरच्या थरातच पसरतो. तळ कोरा दिसला म्हणून 'नॉन-मोटाईल' (न हलणारा) असा शेरा मारू नका.

आता मुख्य उणीव. श्वासनलिकेत पक्ष्माभिका (पेशींवरचे सूक्ष्म केस) सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलतात आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. त्या ओघातून पेशींपर्यंत पोचायला सूडोमोनासला टोकाची एकच कशाभिका (पोहण्याची शेपटी) कामी येते. पृष्ठभाग गाठल्यावर टाइप फोर पिलाय (जंतूवरचे बारीक तंतू) पुढे येतात: लांब होतात, चिकटतात, आखडतात आणि जंतूला ओढून नेतात. हे सरपटणं, म्हणजे ट्विचिंग, या नळीत अजिबात दिसत नाही. त्यासाठी १ टक्का अगारची पातळ प्लेट घ्या, प्लास्टिकला टेकेपर्यंत टोचा, वाढ झाल्यावर अगार उचलून तळाला क्रिस्टल व्हायोलेट लावा. टोचल्या जागेभोवती उमटणारं जांभळं वर्तुळ विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावं असं आहे.

शिवाय ती क्लेब्सिएलाची रेघ फसवी आहे. हा जंतू हलत नाही, तरी न्यूमोनिया करतोच. त्याची मदार कॅप्सूलवर, म्हणजे पेशीभोवतीच्या संरक्षक आवरणावर. सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) जुन्या संसर्गात तर सूडोमोनासही बऱ्याचदा कशाभिका गमावतो, आणि त्यात त्याचा फायदाच असतो, कारण कशाभिकेचं प्रथिन फ्लॅजेलिन आपल्या रोगप्रतिकारशक्तीच्या टीएलआर५ या ग्राहीला ओळखू येतं.

पावडर जरूर घ्या. मिळाली तर टीटीसीविना घ्या आणि ते वेगळं मिसळा. काही जंतूंची वाढ त्याने खुंटते.