मिंगस आह अम: आधी हेडफोन लावा, मग बोला

फोनच्या स्पीकरवर हा जाझ अल्बम ऐकून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चार्ल्स मिंगस बास वाजवायचा, आणि त्या स्पीकरमधून नेमका बासच गायब होतो.

रेकॉर्डिंग मे 1959 चं, न्यूयॉर्कमधलं. ‘बेटर गिट इट इन युअर सोल’ सहाच्या ठेक्यात सुसाट सुटतं. मध्येच बाकीची वाद्यं थांबतात, नुसत्या टाळ्यांवर सॅक्सोफोन, आणि मागून मिंगसच्या आरोळ्या. चर्चमधलं भजन अगदी रंगात यावं तसं.

‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ मात्र संथ. त्याच वर्षी मार्चमध्ये गेलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी रचलेलं. सॅक्सोफोनवर जॉन हँडी; त्याच्या सोलोत एक सूर फडफडत राहतो, तेवढाच तुकडा मी परत परत लावते.

‘फेबल्स ऑफ फॉबस’मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याच्या गव्हर्नर फॉबसची यथेच्छ टिंगल आहे. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलं जाऊ नयेत म्हणून त्याने नॅशनल गार्ड उभे केले होते. इथे फक्त वाद्यं. शब्दांसकट हवं असेल तर 1960 चं कँडिड लेबलचं रेकॉर्डिंग शोधा.

जाझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टनने 1953 मध्ये मिंगसला आपल्या बँडमधून काढलं होतं, तरी ‘ओपन लेटर टू ड्यूक’ आहेच! माणूस भांडखोर, पण भक्ती पक्की.

घेताना एवढं बघा: मूळ एलपीवर बरेच ट्रॅक कापलेले आहेत. नंतरच्या, पूर्ण लांबीच्या सीडीवरच पैसे घाला.