जांभळी नाक्यावरचे काष्ठौषधींचे दुकान: अश्वगंधा चोख, ब्राह्मीबद्दल शंका

चिंताविकारासाठी गेली दोन वर्षे मानसोपचारतज्ज्ञांची गोळी आणि समुपदेशन चालू असले, तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास डोळा लागत नाही, ही माझी तक्रार सुटलेली नव्हती. ठाण्यात असे काही चारचौघांत बोलले, की कोणीतरी जांभळी नाक्याकडे बोट दाखवतेच. डॉक्टरांना विचारून, त्यांनी घातलेल्या अटींसह, मी गेल्या चार महिन्यांत बाजारपेठेतल्या एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात पाच वेळा गेले. अनुभव संमिश्र असल्याने दुकानाचे नाव लिहीत नाही.

अश्वगंधेबाबत मात्र दुकानाला पूर्ण गुण द्यावे लागतील. गल्ल्यावरच्या वयस्कर काकांनी बरणीतून मुळाची एक कांडी काढून माझ्यासमोर मोडली. ती लवचिकपणे न वाकता कटकन तुटली आणि आतून पांढरी, पिठूळ निघाली. माल नीमचचा असल्याचे त्यांनी सांगितले, आणि मध्य प्रदेशातला तो पट्टा या पिकासाठी प्रसिद्ध असल्याने त्यात नवल नव्हते. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव पडले, सुक्यात तो पुसटच राहतो, हेही त्यांनीच नाकाशी कांडी धरून समजावले. शंभर ग्रॅम डोळ्यांदेखत दळून दिली आणि भावही वाजवी लावला.

अडचण पुडी बांधून झाल्यावर सुरू होते. पुडीवर तारीख नाही, घटक नाहीत. मात्रा म्हणजे ‘रात्री दुधातून एक चमचा’. ज्या चाचण्यांच्या आधारे अश्वगंधेची एवढी वाखाणणी होते, त्यांत बहुधा मुळाचा प्रमाणित अर्क, म्हणजे गुणकारी घटकांचे प्रमाण ठरवून काढलेला अर्क, वापरलेला असतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत 64 जणांपैकी निम्म्यांना असा अर्क 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 60 दिवस दिला होता. शिवाय ती माणसे दीर्घकाळ ताणाखाली असलेली म्हणून निवडली होती, चिंताविकाराचे निदान झालेली म्हणून नव्हे. तेव्हा काकांचा चमचा आणि तो अर्क यांना एका मापाने तोलता येत नाही. मला तिसऱ्या आठवड्यापासून झोप थोडी लवकर लागू लागली हे खरे, पण त्याच महिन्यात मी उपवन तलावाच्या फेऱ्याही सुरू केल्या होत्या, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे सांगता येणार नाही. लोकलच्या गर्दीत छातीत होणारी धडधड होती तेवढीच आहे.

माझी खरी नाराजी दोन गोष्टींवर आहे. काकांनी दुसऱ्याच भेटीत ‘आता डॉक्टरची गोळी हळूहळू सोडून द्या’ असा सल्ला दिला, जो देण्याचा त्यांना काहीही अधिकार नाही. अशी गोळी मनाने बंद केली तर चक्कर, अस्वस्थता आणि मूळ विकार उलटणे हे सगळे मागे लागू शकते. दुसरे म्हणजे, माझ्याबरोबर आलेल्या ताईला दुकानातल्या मुलाने काही न विचारता तीच पुडी बांधून दिली. ताई थायरॉइडची गोळी घेते, आणि अश्वगंधेने थायरॉइडच्या संप्रेरकांची पातळी वाढू शकते. गरोदरपणात ती टाळायची असते, झोपेच्या औषधांबरोबर गुंगी वाढू शकते आणि क्वचित यकृतालाही इजा झाल्याच्या नोंदी आहेत. निदान ‘दुसरे कुठले औषध चालू आहे का’ एवढा प्रश्न तरी गल्ल्यावर विचारला जायला हवा.

ब्राह्मी म्हणून जे मिळाले, त्याची वाळलेली पाने मी घरी कोमट पाण्यात उलगडून पाहिली. ती गोलसर, कडेला दातेरी आणि लांब देठांची होती, म्हणजे मंडूकपर्णी. ज्या वनस्पतीवर स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, त्या जलब्राह्मीची पाने लहान, जाड आणि लांबट असतात. बाजारात दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात, त्यामुळे याला फसवणूक म्हणणार नाही, पण विकणाऱ्याला तरी फरक ठाऊक असावा. दुकानदारांनी पुडी परत घेतली, पैसे मात्र परत दिले नाहीत. बदल्यात जटामांसी न्या म्हणाले. हिमालयातली ही वनस्पती अतिसंकटग्रस्त ठरलेली असल्याने मी नको म्हटले आणि तेवढ्या पैशांची बडीशेप घेऊन आले, ती उत्तम निघाली.

पाचपैकी तीन तारे. जायचे असेल तर सकाळी जा, संध्याकाळी भाजीच्या गर्दीत काकांना कांडी मोडून दाखवायला सवड नसते.