मतमोजणीच्या दिवशी निकाल कुठे बघावा: चॅनेल, आयोगाची साइट की दुसऱ्या दिवशीचा पेपर?

आपल्या मतदारसंघात काय चाललंय एवढंच बघायचं असेल, तर माझं उत्तर ठाम आहे: निवडणूक आयोगाची साइट.

मोजणी सकाळी आठला सुरू होते, तीही टपाली मतांपासून. मतदानयंत्रांची मोजणी साडेआठच्या सुमारास सुरू होते. तरी आठ वाजून पाच मिनिटांनी चॅनेलवर आघाड्या झळकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राची निवडणूक जाहीर करताना तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीच यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात हरियाणात सकाळी काँग्रेस बहुमतापार दिसत होती. संध्याकाळी भाजप ४८ आणि काँग्रेस ३७.

चॅनेलचा वेग खोटा नसतो. मोजणी केंद्रावरचा वार्ताहर पक्षांच्या प्रतिनिधींकडून आकडे मिळवतो, म्हणून ते लवकर येतात. पण मोजणीच्या कितव्या फेरीचे, किती मतं मोजून झाल्यावरचे, हे पडद्यावर क्वचितच दिसतं. दोनशे मतांची आघाडी आणि वीस हजारांची आघाडी एकाच रंगात रंगते आणि त्यावर ‘मोठा उलटफेर’ म्हणून आरडाओरडा सुरू होतो. हे मला गंभीर वाटतं, कारण लोक त्या कलांवर गुलाल उधळतात, भांडतात, पैसेही लावतात. कल तर सोडाच, नुसत्या एक्झिट पोलच्या भरवशावर ३ जून २०२४ ला शेअर बाजाराचा सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला आणि दुसऱ्या दिवशी, खरी मतं मोजली जात असताना, जवळजवळ ४,४०० अंकांनी कोसळला.

साइट संथ आहे, हे खरं. फेरीचे आकडे तपासून मगच भरले जातात, त्यामुळे पहिले आकडे यायला साडेनऊ वाजतात. ना चर्चा, ना विश्लेषण. पण एकूण किती फेऱ्या आणि त्यातल्या किती झाल्या, हे तिथे कळतं, आणि सगळं त्यावरच ठरतं. मुंबई वायव्यमध्ये २०२४ च्या लोकसभेला यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी शेवटच्या फेरीआधी ‘विजयी’ म्हणणं म्हणजे निव्वळ अंदाज.

पेपर दुसऱ्या दिवशी येतो, पण कोणाची मतं कुठे गेली, तिसऱ्या उमेदवाराने किती खाल्ली, हे समजून घ्यायला अजूनही तोच बरा. प्रचाराच्या काळात मात्र त्याच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीतलं पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन प्रचार बातमी म्हणून छापण्याचं, प्रकरण महाराष्ट्रातल्या छापील पानांवरच घडलं होतं.

चॅनेल लावायचंच असेल तर दुपारी बारानंतर लावा. तोवर बऱ्याच फेऱ्या झालेल्या असतात. शेजारी मोबाइलवर साइट उघडी ठेवा आणि पडद्यावरचा आकडा तिथे आहे का, ते बघत राहा.