संक्षिप्त ‘फ्रँकेनस्टाइन’ : कागद चांगला, कात्री वाईट

पाचपैकी दोन तारे.

भाचीला अकरावीच्या इंग्रजी प्रोजेक्टसाठी एक जुनी भयकादंबरी वाचून लिहायचं होतं, म्हणून एम. जी. रोडवरून हे पुस्तक आणलं. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. नव्वदेक पानं, सचित्र, विद्यार्थ्यांसाठी संक्षिप्त, किंमत 175 रुपये. मी मूळ पुस्तकच मागत होते, पण दुकानदार म्हणाले, “मॅडम, एवढं जाडजूड मुलं कुठे वाचतात आता? हेच न्या.” वर पंधरा रुपये सोडलेही. माणूस सज्जन, त्यांच्याविषयी तक्रार नाही.

आधी चांगलं ते सांगते. कागद जाड आहे, टाइप मोठा आहे, शिवण पक्की आहे. पानाखाली अवघड शब्दांचे अर्थ दिलेत, तेही नीट. दोन्ही तारे त्याचेच.

कव्हरवर हिरवा चेहरा, चपटं डोकं, मानेत बोल्ट. हे ध्यान मूळ लेखिका मेरी शेलीचं नव्हे. 1931 साली हॉलिवूडने सिनेमा काढला, त्यात बोरिस कार्लोफ या नटाला तसा मेकअप केला होता, तेव्हापासून ते चिकटलंय. (सिनेमा कृष्णधवल होता, त्यामुळे पडद्यावर हिरवं दिसायचा प्रश्नच नव्हता.) कादंबरीतला प्राणी आठ फूट उंच आहे. काळेभोर चमकदार केस, शुभ्र दात, पाणावलेले फिकट डोळे. आणि कातडी पिवळी, इतकी पातळ की खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकल्या जातात.

मी सगळी नोकरी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सिस्टर म्हणून केली. सातव्या महिन्यात झालेलं बाळ ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वर्णन वेगळं सांगायला नको. अंगावर लव, कातडीतून शिरा दिसतात, त्यात कावीळ. पहिल्यांदा बघायला आलेले बाबा लोक पेटीपाशी येतात आणि चक्क दोन पावलं मागे सरकतात. आम्ही त्यांना दंडाला धरून पुढे आणायचो, हात धुवायला लावायचो आणि म्हणायचो, बोट द्या त्याच्या हातात. बाळ बोट घट्ट धरतं. त्यानंतर बहुतेक जण हलत नाहीत तिथून.

आता मूळ कादंबरीतली ती नोव्हेंबरची रात्र बघा. रात्रीचा एक वाजलाय, काचेवर पाऊस वाजतोय, मेणबत्ती संपत आलीय. प्राणी डोळा उघडतो आणि त्याला घडवणारा तरुण शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन खोलीतून पळ काढतो. जाऊन झोपतो, वाईट स्वप्नाने जागा होतो, तर ते पलंगाचा पडदा उचलून त्याच्याकडे बघतंय. तोंडातून काहीतरी अस्फुट आवाज येतायत, गालांना हसल्यासारख्या सुरकुत्या पडल्यात, एक हात पुढे केलाय. व्हिक्टर पुन्हा पळतो, तो थेट खाली अंगणात. या आवृत्तीत त्या जागी लिहिलंय की राक्षस त्याचा गळा धरायला झेपावला. शेजारी पानभर चित्र, नखं वगैरे काढून! मूळ लेखिकेने त्या हाताकडून काहीही वाईट करवलेलं नाही. निदान त्या रात्री तरी नाही.

लेखिकेच्या परिचयात वादळी रात्र, कवी बायरन आणि भुताची गोष्ट लिहायची पैज एवढंच आहे. मेरीची आई तिच्या जन्मानंतर अकरा दिवसांनी बाळंतरोगाने गेली. 1815 च्या फेब्रुवारीत मेरीचं स्वतःचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आधी झालं आणि थोड्याच दिवसांत गेलं. पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, तिने जिनिव्हाच्या सरोवराकाठी हे लिहायला घेतलं. माझ्यासारखीला हे आधी कळायला हवं होतं. पैज काय, कोणीही लावतं.

पण खरी तक्रार पुढेच आहे. मूळ पुस्तकाच्या मधोमध हिमनदीवर दोघांची गाठ पडते आणि तो प्राणी स्वतः बोलायला लागतो. सलग सहा प्रकरणं तोच सांगतो. एका गरीब कुटुंबाच्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो. फटीतून बघत, ऐकत भाषा शिकतो. मिल्टनचं काव्य, प्लुटार्कने लिहिलेली थोरांची चरित्रं वाचतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. शेवटी धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो, आणि म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो, कारण त्याला दिसत नाही. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने झोडपून काढतो. पुढे हा नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो, तर बक्षीस म्हणून गोळी खातो. या सगळ्याचं इथे एक वाक्य झालंय: राक्षस जंगलात लपला आणि त्याने सूड घ्यायचं ठरवलं.

मग भाचीने प्रोजेक्टमध्ये काय लिहावं? “मावशी, तो मुळातच व्हिलन होता ना?” तिचा काय दोष. आपण तरी तपोवनात पाहुण्यांना शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा हौसेने दाखवतो, तिचं म्हणणं काय होतं ते कुठे विचारतो?

त्याला निर्दोष ठरवा असं मी म्हणत नाही. तो व्हिक्टरच्या लहान भावाचा, विल्यमचा, गळा दाबतो आणि आळ जस्टिन नावाच्या घरातल्या गरीब मुलीवर येईल अशी व्यवस्था करतो. लहान लेकरू मारणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही, आधी त्याने कितीही मार खाल्लेला असो. पण जस्टिनचा खटला चालतो तेव्हा खुनी कोण हे व्हिक्टरला पुरतं माहीत असतं. लोक आपल्याला वेडा ठरवतील म्हणून तो गप्प बसतो, आणि ती फासावर जाते. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त भीती या गप्प बसण्याची वाटली. या आवृत्तीत जस्टिन नाहीच! विल्यम मेला, सगळे रडले, पुढचं प्रकरण.

आणखी एक गंमत. प्राण्यासाठी जोडीदारीण बनवताना व्हिक्टरला एकदम सगळ्या मानवजातीची काळजी वाटते आणि तो तिचं अर्धवट शरीर फाडून टाकतो. ते इथे सविस्तर आहे, अगदी थोर विचार म्हणून. मानवजातीची जबाबदारी आठवली; जो एक समोर उभा आहे त्याची तेवढी आठवत नाही. असे साहेब मी नोकरीत पाहिलेत.

घ्यायचंच असेल तर संपूर्ण घ्या. कॉपीराइट कधीच संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट मिळतं, भाची आता मोबाइलवर तेच वाचतेय. छापील हवं तर 1818 ची पहिली संहिता की 1831 ची, तेही बघून घ्या. 1831 साली मेरीने बरेच बदल केले: एलिझाबेथ आधी व्हिक्टरची आतेबहीण होती, ती अनाथ सापडलेली मुलगी झाली, आणि व्हिक्टरच्या तोंडी नशिबाची भाषा वाढली. मला 1818 ची आवडते, तिच्यात त्याला नशिबामागे लपायला कमी जागा आहे. 1831 च्या प्रतीत चोवीस प्रकरणं असतात. दुकानात उभ्या उभ्या अकरावं उघडा. तिथे तो प्राणी ‘मी’ म्हणून बोलत नसेल तर प्रत परत ठेवा.