अंदमानला डायव्हिंगसाठी जाताना स्वतःचा रेग्युलेटर: केबिनमध्ये, चेक-इनमध्ये की घरीच?

मुंबई किंवा पुण्याहून अंदमानला डायव्हिंगसाठी निघणाऱ्या ज्या मंडळींनी स्वतःचे साहित्य घेतले आहे, त्यांच्यापुढे तिकीट काढल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो रेग्युलेटरचा. सिलिंडरमधली 200 बारच्या (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 पट) आसपास दाबाची हवा श्वास घेण्याजोगी करून तोंडापर्यंत पोहोचवणारे हे उपकरण केबिन बॅगेत घ्यावे, चेक-इन सामानात द्यावे, की घरी ठेवून तिथल्या डाइव्ह सेंटरचेच वापरावे? तिन्ही पर्याय वापरात आहेत आणि तिन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे काही ना काही आहे. पाचसहा किंवा त्याहून अधिक डाइव्ह करायचे असतील तर माझा कौल स्पष्टपणे केबिनला आहे. त्याहून कमी असतील तर उत्तर बदलते.

केबिनच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण तुटफूट हे नसून उशीर हे आहे. श्री विजयपुरमला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला जाताना महाराष्ट्रातून निघालेल्या प्रवाशाला पुष्कळदा चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावे लागते आणि जिथे विमान बदलते तिथे बॅग मागे राहण्याची शक्यता वाढते. मागे राहिलेली बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली, तरी तोवर आपण फेरीने स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉक बेटावर, पोहोचलेलो असतो आणि तिथपर्यंत ती आणण्याची सोय आपल्यालाच पाहावी लागते. चार दिवसांच्या मुक्कामात त्यातला दीड दिवस असा जाणे फार महाग पडते. कपडे नसले तर बाजारातून घेता येतात. आपल्या श्वासाला सरावलेला, आपल्या देखरेखीखाली सर्व्हिस झालेला रेग्युलेटर मात्र बेटावर विकत मिळत नाही.

केबिनची अडचण वजनाची आहे. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक कंपन्या केबिनसाठी 7 किलो आणि चेक-इनसाठी 15 किलो देतात. फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा धातूचा भाग), दोन सेकंड स्टेज (तोंडात धरायचे भाग), होज (नळ्या) आणि प्रेशर गेज (दाब दाखवणारा काटा) मिळून संपूर्ण संच साधारण अडीच ते साडेतीन किलो भरतो. चाकांची ट्रॉली स्वतःच दोन-अडीच किलोंची असल्याने ती घेतली की फारसे काही उरत नाही, म्हणून मऊ कापडी पाठपिशवी घ्यावी. तिच्यात रेग्युलेटर, डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारे यंत्र), मास्क, औषधे आणि एक जोडी कपडे नीट मावतात. दुसऱ्या बाजूचा हिशेबही याच निर्णयाला पुष्टी देतो. बीसीडी (पाण्यातले तरंगणे सांभाळणारे हवेचे जाकीट) साडेतीन किलो, फिन्स (पायांत घालायचे पंख) दोन किलो, 3 मिलिमीटरचा सूट दीड किलो आणि मोठ्या बॅगेचे स्वतःचे तीन किलो धरले, तर 15 पैकी 10 किलो कपडे ठेवण्याआधीच संपलेले असतात.

सुरक्षा तपासणीची धास्ती अनेकांना उगाच वाटते. रेग्युलेटर नेण्यास मनाई नाही. मात्र पितळेचा जड गोळा आणि त्याला जोडलेल्या चारपाच नळ्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर विचित्र दिसतात आणि सीआयएसएफचे जवान बॅग उघडायला सांगतात, हे स्वाभाविक आहे. म्हणून संच पिशवीत सर्वांत वर ठेवावा, पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण आहे असे साध्या शब्दांत सांगावे आणि डायव्हिंगचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. अ‍ॅलन की, पाना, मल्टिटूल, डाइव्ह नाइफ आणि दोरी कापायचा कटर यांपैकी काहीही केबिनमध्ये जाऊ देत नाहीत, तेव्हा हे सारे न विसरता चेक-इनमध्ये घालावे. टॉर्चचे उलटे आहे: तिच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. अतिशय उष्णता निर्माण करणाऱ्या मोठ्या डाइव्ह टॉर्चची बॅटरी काढून ठेवावी आणि विमान कंपनीची परवानगी आधीच घ्यावी. भरलेला सिलिंडर, मग तो कितीही छोटा असो, कोठेच नेता येत नाही.

आता चेक-इनकडे वळू. सामानाच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो आणि त्यामुळे रेग्युलेटर बिघडतो, हा समज खरा नाही. प्रवासी जेट विमानांत सामानाचा कप्पाही केबिनइतक्याच दाबाखाली असतो. उंचीवर तो दाब समुद्रसपाटीपेक्षा कमी असतो एवढेच. 200 बार पेलणाऱ्या फर्स्ट स्टेजला याने काही होत नाही. खरा धोका आपटण्याचा आणि दबण्याचा आहे. फर्स्ट स्टेजला सिलिंडरवर आवळणाऱ्या योकचा (कडीचा) स्क्रू वाकणे, गेजची काच तडकणे, सिलिंडरमधला दाब कॉम्प्युटरला कळवणाऱ्या वायरलेस ट्रान्समीटरवर भार येऊन तो मुळाशी तुटणे, वर ठेवलेल्या जड वस्तूखाली होज मुडपणे, हे सारे बॅगा फेकल्या जातात तिथे घडते. तरीही परदेशी विमानात 30 किलोंची मुभा असेल, प्रवास थेट असेल आणि केबिन बॅग कॅमेऱ्याच्या साहित्याने भरली असेल, तर रेग्युलेटर चेक-इनमध्ये देणे अविचाराचे नाही. अशा वेळी तो बॅगेच्या मधोमध, बीसीडीच्या घडीत गुंडाळून ठेवावा आणि फिन्स दोन्ही बाजूंना उभ्या लावाव्यात. कॉम्प्युटर आणि ट्रान्समीटर मात्र तेव्हाही हातातच न्यावेत. मालदीवला जाणाऱ्यांनी पुढचा टप्पा सीप्लेनचा आहे का, हे आधी पाहावे, कारण तिथली सामानाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा बरीच कमी असते.

तिसरा पर्याय, म्हणजे तिथलेच साहित्य वापरणे, मी कमी लेखत नाही. अंदमानातील डाइव्ह सेंटरांच्या दरात साहित्याचा वापर बहुधा धरलेलाच असतो, त्यामुळे स्वतःचा रेग्युलेटर नेऊन पैसे वाचतील ही अपेक्षा सहसा फोल ठरते. दोन-तीनच डाइव्ह करायचे असतील, सोबत लहान मुले असतील किंवा आपल्या संचाची सर्व्हिसिंग वेळेवर झालेली नसेल, तर तो घरीच ठेवावा. सर्व्हिसिंगची मुदत उलटलेला स्वतःचा रेग्युलेटर हा रोज वापरात असलेल्या आणि नियमित देखभाल होणाऱ्या भाड्याच्या रेग्युलेटरपेक्षा चांगला असतोच असे नाही. एवढे करून मास्क, कॉम्प्युटर आणि स्वतःचे माउथपीस मात्र न्यावे. माउथपीस एका प्लॅस्टिक टायने बसते, त्याचे वजन नगण्य असते आणि जबडा दुखण्याचा प्रश्न सुटतो.

ज्यांचा रेग्युलेटर अजून घ्यायचा आहे, त्यांनी योक की डिन (सिलिंडरच्या झडपेत आट्यांनी फिरवून बसणारी जोडणी) हा विचार प्रवासाच्या दृष्टीनेही करावा. डिन जोडणीचा फर्स्ट स्टेज आटोपशीर आणि थोडा हलका असतो. परंतु आपल्याकडच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरांवर योक सर्रास आढळतो, म्हणून डिनवाल्याने सेंटरला आधी विचारावे किंवा अ‍ॅडॅप्टर सोबत ठेवावा, आणि अ‍ॅडॅप्टर आला की वजनातली ती बचतही गेली. रबरी होजऐवजी विणलेल्या आवरणाच्या होज लावल्या तर संच हलका होतो आणि वेटोळेही सहज पडते.

बांधणी कशी करावी, हे मी थोडे सविस्तर सांगतो. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर कोरडी डस्ट कॅप (झाकण) घट्ट बसवावी आणि तो मऊ कापडात गुंडाळावा. होजची मोठी, सैल वेटोळी घालावीत. धातूच्या टोकापाशी होज एकदम वळू देऊ नये, कारण ती तिथूनच फुटते. सेकंड स्टेजवर काहीही जड ठेवू नये, नाहीतर माउथपीस दबून वाकडे होते. श्वासाचा जोर कमीजास्त करण्याची खुंटी असेल तर ती पूर्ण बाहेरच्या बाजूस फिरवावी, म्हणजे आतल्या सीटवर (हवेची वाट बंद करणाऱ्या मऊ चकतीवर) वळ उमटत नाही.

बेटावर पोहोचल्यावर बोटीत चढण्याची वाट न पाहता संच खोलीतच तपासावा. डस्ट कॅप घट्ट असताना सेकंड स्टेजमधून हलकेच श्वास ओढावा. हवा मुळीच येता कामा नये. आली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा झडप कुठेतरी गळते आहे. त्यानंतर सेंटरवर सिलिंडरला जोडून झडप सावकाश उघडावी आणि गेजवर नजर ठेवून चार-सहा दीर्घ श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा हलत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडली आहे का ते पाहावे आणि ती उघडी असूनही काटा हलला तर तो रेग्युलेटर त्या दिवशी बाजूला ठेवावा.

परतीचे वेळापत्रकही याच हिशेबात बसवावे. अनेक दिवस डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास जाऊ द्यावेत, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे, आणि बहुतेक जण पूर्ण दिवस मोकळा ठेवतात. तेवढा वेळ रेग्युलेटर वाळायला पुरतो. डस्ट कॅप लावूनच तो गोड्या पाण्यात बुडवावा, पाण्यात असताना सेकंड स्टेजवरचे पर्जचे (हवा सोडण्याचे) बटण दाबू नये, कारण त्या वाटेने पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचते. नंतर तो सावलीत, वाऱ्याला टांगावा.